क्लाउड गेमिंग : सोनी आणि मायक्रोसॉफ्टने हातमिळवणी का केली, आणि साताऱ्या-सांगलीला त्याचं काय?

प्लेस्टेशन ५ फेब्रुवारी २०२१ मध्ये भारतात आला, तेव्हा त्याची किंमत होती ४९,९९० रुपये. सातारा किंवा सांगलीतल्या कॉलेजच्या पोराने घरी एवढे पैसे मागितले तर काय उत्तर मिळेल, हे वेगळं सांगायला नको. मग महागडं मशीन न घेता मोठे गेम खेळता येतील का? याचं उत्तर म्हणजे क्लाउड गेमिंग.

नेमकं काय असतं?

यात गेम तुमच्या मोबाइलवर चालतच नाही. तो चालतो दूरच्या डेटा सेंटरमधल्या ताकदवान सर्व्हरवर. तुमच्याकडे येतो तो फक्त व्हिडिओ. तुम्ही बटण दाबलं की तो इशारा सर्व्हरकडे जातो, तिथे गेम पुढे सरकतो आणि नवं चित्र परत येतं. सिनेमा आधी थोडा साठवून दाखवता येतो. गेममध्ये ती सोय नाही, कारण पुढच्या क्षणी तुम्ही काय कराल हे कुणालाच माहीत नसतं.

वैरी एकत्र कसे आले?

सोनीचा प्लेस्टेशन आणि मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स २००१ पासून एकमेकांचे कट्टर स्पर्धक. पण मार्च २०१९ मध्ये गुगलने 'स्टेडिया' ही क्लाउड गेमिंग सेवा जाहीर केली आणि दोनच महिन्यांत, मे २०१९ मध्ये, सोनी आणि मायक्रोसॉफ्टने सामंजस्य करार केला. गेम स्ट्रीमिंगसाठी मायक्रोसॉफ्टचं 'अ‍ॅझ्युअर' हे क्लाउड वापरण्याच्या शक्यता तपासायच्या, असं ठरलं.

कारण साधं होतं. सोनीकडे गाजलेले गेम होते, पण जगभर पसरलेली डेटा सेंटर नव्हती. ती उभारायला प्रचंड पैसा लागतो. मायक्रोसॉफ्टकडे ती तयार होती, आणि भाड्याने दिली तर कमाईच होती.

ज्याच्या धास्तीची तेव्हा चर्चा झाली, तो स्टेडिया मात्र भारतात आलाच नाही आणि १८ जानेवारी २०२३ ला बंदही पडला.

पुणे जवळ, मग अडचण कुठे?

अ‍ॅझ्युअरचं एक केंद्र २०१५ पासून पुण्यात आहे. समजा, गेम पुण्यातल्याच सर्व्हरवर चालतोय. पुण्याहून सातारा रस्त्याने साधारण ११० किलोमीटर, सांगली साधारण २३० किलोमीटर. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे जाऊन-येऊन साताऱ्याला सुमारे १ आणि सांगलीला सुमारे २ मिलिसेकंद लागतील. ६० फ्रेमच्या गेममध्ये एक चित्र साधारण १७ मिलिसेकंद टिकतं. त्यामुळे नुसत्या अंतराने फरक पडत नाही.

फरक पडतो तो घरातलं वाय-फाय, टॉवरवरची गर्दी आणि लांबून फिरून जाणारी लाइन यांनी. गेम अडखळतो, म्हणजेच 'लॅग' येतो, तो बहुतेकदा इथेच.

रिचार्ज किती पुरेल?

हा हिशेब महत्त्वाचा. १० एमबीपीएसने व्हिडिओ आला तर तासाला साधारण ४.५ जीबी डेटा जातो. रोज २ जीबीचा पॅक असेल तर तो २७ मिनिटांत संपेल. दीड जीबीचा असेल तर २० मिनिटांत. त्यामुळे मोबाइल डेटापेक्षा घरचं फायबर ब्रॉडबँड इथे कामाचं.

भारतात काय आहे?

जिओने २०२२ मध्ये क्लाउड गेमिंगची चाचणी आवृत्ती आणली. एक्सबॉक्सची क्लाउड सेवा नोव्हेंबर २०२५ मध्ये भारतात सुरू झाली.

पण एक गोष्ट लक्षात ठेवा. कन्सोल विकत घेतला तर तो तुमचा, जुना झाला तरी विकता येतो. क्लाउडवर मात्र महिन्याचे पैसे थांबले की खेळ थांबला, आणि कंपनीने सेवा गुंडाळली तर हातात काही उरत नाही. स्टेडिया बंद करताना गुगलने आपल्या स्टोअरमधून घेतलेल्या गेमचे पैसे परत केले. प्रत्येक कंपनी तसं करेलच असं नाही. म्हणून वर्षभराचे पैसे एकदम भरण्याआधी एक महिना खेळून पाहिलेलं बरं, तेही संध्याकाळी, सगळी गल्ली ऑनलाइन असताना.