सीहोरच्या शाळेंतील गोलाध्याय

शाळेंत गणितज्योतिष कसें शिकवावें, या प्रश्नाचें एक उत्तर १८३० नंतरच्या दशकांत माळव्यांतील सीहोर येथें देण्यांत आलें. भोपाळ दरबारचे इंग्रज पोलिटिकल एजंट लान्सेलट विल्किन्सन यांचा मुक्काम तेथें असे. पृथ्वी सपाट, मध्यें मेरु पर्वत, भोंवतीं दुधादह्याचे समुद्र, हें पुराणांतलें वर्णन तेथील विद्यार्थ्यांच्या मनांत पक्कें बसलेलें होतें. कोपर्निकसचें मत एकदम पुढें ठेविलें, तर तें परकें म्हणून टाकलें जाईल, हें विल्किन्सन यांनीं ओळखलें व भास्कराचार्यांचा ‘सिद्धान्तशिरोमणि’च शिकविण्यास घेतला. या पद्धतीचें समर्थन त्यांनीं १८३४ सालीं बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या मासिकांत केलें.

इसवी सन ११५० च्या या ग्रंथांत नुसतीं मतें नाहींत, युक्ति आहेत. परिघाचा शंभरावा भाग सरळच दिसतो. मग एवढ्या थोरल्या गोलावरील लहानशा मनुष्यास पृथ्वी सपाट भासावी, यांत नवल काय? उज्जयिनी विषुववृत्तापासून परिघाच्या सोळाव्या भागाइतकी दूर. तें अंतर सोळांनीं गुणिलें कीं पृथ्वीचा परिघ आला. सीहोरहून उज्जयिनी कांहीं फार लांब नाहीं. ध्रुवाची उंची मोजणाऱ्या कोणाही विद्यार्थ्यास याचा पडताळा घरच्या अंगणांत घेतां येई.

शास्त्री सुबाजी बापू यांनीं पौराणिक, सैद्धान्तिक व कोपर्निकसचें अशा तिन्ही मतांची तुलना मराठींत ‘सिद्धान्तशिरोमणिप्रकाश’ लिहून केली. उलट पुराणें व सिद्धान्त यांत विरोधच नाहीं, असें पुण्याचे यज्ञेश्वर रोडे यांनीं ‘अविरोधप्रकाशां’त प्रतिपादिलें. सुबाजींनीं त्यांसही उत्तर दिलें.

परंतु श्रोतेहो, खरी कसोटी पुढेंच होती. भास्कराचार्यांच्या मतें पृथ्वी स्थिर आहे. ज्या गुरूचा हात धरून विद्यार्थी मेरूपासून गोलापर्यंत आला, त्याचाच हात पुढें सोडणें प्राप्त होतें. ज्यानें भास्कराचार्यांचें केवळ नांव धरलें, तो तेथेंच थांबला असता. ज्यानें त्यांची युक्ति धरली, त्याला पुढची वाट मोकळी होती.

या शाळेंतून बापूदेव शास्त्री हे मराठी गणिती घडले. विल्किन्सन १८४१ सालीं वारले. बापूदेव १८४२ पासून काशीच्या संस्कृत पाठशाळेंत शिकवूं लागले. विल्किन्सन यांचें गोलाध्यायाचें इंग्रजी भाषांतर बापूदेवांच्या सूर्यसिद्धान्ताच्या भाषांतरासह १८६१ त कलकत्त्यास प्रसिद्ध झालें.

आज पृथ्वी फिरते, हें प्रत्येक मुलास पाठ असतें. तें कशावरून, असें विचारल्यास पुस्तकांत आहे म्हणून, एवढेंच उत्तर येत असेल, तर त्या मुलानें मेरूच्या जागीं दुसरें वाक्य पाठ केलें, इतकेंच म्हणावें लागेल.