आसवारिष्टांची बाटली : एका नळीचा आणि एका कलमाचा विचार

घरी मद्य मुरवून ते बाटल्यांत भरण्याची कला युरोपातील द्राक्षे व सफरचंदे पिकविणाऱ्या प्रदेशांत रूढ आहे. महाराष्ट्रात तिचे अगदी जवळचे रूप पाहावयाचे तर वैद्याच्या घरी जावे लागते. शार्ङ्गधरसंहितेने काढा न करता सिद्ध केलेल्या औषधी मद्यास ‘आसव’ आणि काढा करून सिद्ध केलेल्यास ‘अरिष्ट’ म्हटले आहे. प्रमाण सांगितलेले नसेल तेथे एक द्रोण द्रवास एक तुला गूळ, गुळाच्या निम्मे मध आणि दशमांश प्रक्षेपद्रव्ये, असा तिचा दंडक आहे. या क्रियेस ‘संधान’, म्हणजे जोडणे, म्हणतात. वस्तुतः साखर फुटून मद्यार्क व कर्बवायू होतो. येथे जोडण्यापेक्षा तुटणेच अधिक. शब्द घडविणाऱ्याची दृष्टी घागरीत एकत्र येणाऱ्या द्रव्यांवर होती, हे उघड आहे.

संधान पुरे झाले म्हणजे गाळ तळाशी बसतो. खरी अडचण येथून पुढे सुरू होते. नरसाळ्यातून ओतल्यास गाळ ढवळतो, द्रव वाऱ्याशी घुसळला जातो आणि आसवाचे ‘शुक्त’, म्हणजे आंबट पाणी, होण्याचा धोका वाढतो. उपाय वक्रनलिकेचा. बरणी उंचावर ठेवावी, नळीचे एक टोक गाळाच्या वर राखावे, दुसरे बाटलीच्या तळापर्यंत न्यावे; मग द्रव खालून वर, न फेसाळता भरतो. दोन्ही पातळ्यांतील अंतर हीच प्रवाहाची प्रेरणा असल्याने बरणी रिकामी होत जाते तसा वेग मंदावतो. काठोकाठ भरलेल्या बाटलीतून नळी काढताच तिने व्यापलेल्या जागेइतकी पातळी उतरते आणि बुचाखाली हवेस आपोआप जागा राहते. (‘बूच’ हा शब्दही पोर्तुगीजांकडून आला आहे.) तोंड बंद करून भरावयाचे असल्यास बुचास दोन छिद्रे हवीत : एक द्रवासाठी, एक बाहेर पडणाऱ्या हवेसाठी. पुणेकरांस हे तत्त्व अपरिचित नाही. नानासाहेब पेशव्यांच्या काळी कात्रजहून शहरात आणलेल्या नळावर हवेस वाट देण्यासाठी जागोजाग ‘उच्छ्वास’ बांधले गेले.

पुण्यात टिळक आयुर्वेद महाविद्यालय १९३३ मध्ये आणि आयुर्वेद रसशाळा १९३५ मध्ये स्थापन झाली. घरगुती संधानास संस्थेचे रूप लाभले. पुढे मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ आला. त्याच्या १३ व्या कलमाने विक्रीसाठी मद्य बाटलीत भरणे, मद्य सेवन करणे आणि मद्यनिर्मितीची भांडी वा उपकरणे बाळगणे, या तिन्ही गोष्टी निषिद्ध ठरविल्या. द्राक्षासवात साधारणतः ५ ते १० टक्के मद्यार्क असतो. तेव्हा वैद्याची बरणीही संशयाच्या कक्षेत आली. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बलसारा खटल्यात मद्यार्कयुक्त औषधे व प्रसाधने बाळगण्यावरील आणि वापरण्यावरील बंदी अवैध ठरविली. १९५२ च्या दुरुस्तीने मादक पेय म्हणून वापरण्यास अयोग्य अशी औषधे वगळण्यात आली. उपकरणांविषयीचे उपकलम तसेच राहिले. बाटली भरण्याची नळी हे ‘निर्मिती’चे उपकरण होय काय, हा प्रश्न मद्याचा जितका तितकाच शब्दार्थाचाही आहे, कारण वैद्याच्या लेखी निर्मिती घागरीतच संपलेली असते.