संगीतशिक्षण, अनौपचारिक
ठराविक अभ्यासक्रम, वर्ग, परीक्षा व पदवी यांच्या चौकटीबाहेर, मुख्यतः श्रवण, अनुकरण आणि सहवास यांच्या द्वारा होणारे संगीताचे अध्ययन. भारतीय संगीताची परंपरा मौखिक असल्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत हेच त्याच्या संक्रमणाचे प्रमुख साधन होते.

घराणेदार तालमीस ‘सीना-ब-सीना’ म्हणजे गुरूच्या हृदयातून शिष्याच्या हृदयात उतरणारी विद्या म्हणत. शिष्य गुरुगृही राही, पडेल ते काम करी, इतरांची तालीम ऐके आणि मैफलीत गुरूमागे तंबोऱ्यावर बसून स्वरसाथ करी. रागाचे नियम सहसा शब्दांत सांगितले जात नसत. अनेक चिजा व त्यांची बढत ऐकून रागाचे चलन गळ्यावर चढे. स्वराचा लगाव, मींड, कणस्वर, लयीचे वजन इ. स्वरलेखनात पुरते न सापडणारे विशेष अशा रीतीने आत्मसात होत. मात्र विद्यादान गुरूच्या मर्जीवर अवलंबून असे. चिजा लपविल्या जात; वर्षानुवर्षे सेवा करूनही विद्या पदरी न पडण्याचा संभव असे.

महाराष्ट्रात भजनी मंडळे, वारकऱ्यांच्या दिंड्या व कीर्तने यांतून ताल-सुरांचे संस्कार सहजगत्या होत. १८८० नंतर संगीत नाटकमंडळ्यांची त्यांत भर पडली. भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) बालवयात किर्लोस्कर नाटक मंडळीत होते. पुढे त्यांनीच बालगंधर्वांना (१८८८–१९६७) तालीम दिली. ध्वनिमुद्रिकांमुळे गुरूच्या दारी न जाताही गाणे ऐकणे शक्य झाले. कुमार गंधर्व (१९२४–९२) बालपणी नामवंतांच्या ध्वनिमुद्रिकांची हुबेहूब नक्कल करीत. भीमसेन जोशी (१९२२–२०११) यांना अब्दुल करीमखाँ यांच्या ध्वनिमुद्रिकेने गाण्याची ओढ लावली. तथापि दोघांनाही पुढे अनुक्रमे बा. र. देवधर व सवाई गंधर्व यांचे शिष्यत्व पतकरावे लागले. कारण ध्वनिमुद्रिका आदर्श पुढे ठेवते, चूक दाखवीत नाही.

विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) यांनी १९०१ मध्ये लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापिले. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी शेकडो चिजा स्वरलिपीसह प्रसिद्ध केल्या. त्यामुळे विद्येची कवाडे सर्वसामान्यांना, विशेषतः मध्यमवर्गीय स्त्रियांना, खुली झाली. पण परीक्षा उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यास मैफल रंगविता येतेच असे नाही, हा आक्षेपही तेव्हापासून घेतला जातो. पलुस्करांना ही मर्यादा उमगली असावी. त्यांच्या उपदेशक वर्गातील शिष्य त्यांच्याजवळच राहून शिकत. विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास व ओंकारनाथ ठाकूर हे नामवंत गायक याच शिष्यवर्गातील होत.

हा मेळ घालण्याचे प्रयत्न नंतरही झाले. १९७० नंतरच्या दशकात कलकत्त्यास सुरू झालेल्या संगीत रिसर्च अकादमीने गुरूंना व शिष्यांना एकाच आवारात निवास देऊन गुरुकुलपद्धती संस्थेच्या चौकटीत आणली. इंग्लंडमध्ये लूसी ग्रीन यांनी २००२ मधील आपल्या ग्रंथात, लोकप्रिय संगीतातील वादक ध्वनिमुद्रणे ऐकून व सोबत्यांबरोबर वाजवून कसे शिकतात याचा अभ्यास मांडला. पुढे तेथील शाळांत या पद्धतीचे प्रयोग झाले. आज ध्वनिमुद्रणे विपुल आहेत. दुर्लभ आहे तो शिष्याचे गाणे रोज ऐकून दुरुस्त करणारा कान. अनौपचारिक शिक्षणातील हा अंश जपून त्यातील गुप्तता व परावलंबन टाळणे, हाच संगीतशिक्षणापुढील मुख्य प्रश्न होय.