कृष्णाकाठची गायकी आणि ध्वनिमुद्रिकांचा संग्रह : एक इतिहाससाधन

सातारा, कराड, सांगली, मिरज हा कृष्णाकाठचा पट्टा महाराष्ट्राच्या संगीतेतिहासात विशेष महत्त्वाचा आहे. ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात रुजविणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९-१९२६) यांनी मिरजेत विद्यादान केले आणि विष्णु दिगंबर पलुस्करांची तालीमही तेथेच झाली. बालगंधर्वांचा जन्म १८८८ मध्ये सांगली जिल्ह्यातील नागठाण्याचा. परंतु हा इतिहास ज्या साधनांवर लिहिला गेला ती बहुतांशी चरित्रे, आठवणी व आख्यायिका यांच्या स्वरूपाची आहेत. गाणे कसे होते हे त्यांतून कळत नाही. ते ऐकून कोणाला काय वाटले एवढेच कळते. जुन्या ध्वनिमुद्रिका हे या इतिहासाचे प्राथमिक साधन होय. तथापि त्यांचा संग्रह हा दीर्घकाळ हौशी लोकांचा छंद मानला गेला आणि इतिहासाच्या अभ्यासकांनी त्याकडे फारसे पाहिले नाही.

ग्रामोफोन कंपनीच्या वतीने फ्रेड गैसबर्ग यांनी १९०२ मध्ये कलकत्त्यास ध्वनिमुद्रण केले. १९०८ मध्ये सियालदह येथे कारखाना निघेपर्यंत या तबकड्यांचे ठसे जर्मनीत हानोव्हर येथे उमटविले जात. तेथील कारागिरांना गायकाची ओळख पटावी म्हणून गाण्याच्या शेवटी गायक आपले नाव पुकारीत असे. व्यवहाराच्या सोयीसाठी पडलेली ही प्रथा आज संग्राहकास साक्षीपुराव्यासारखी उपयोगी पडते, कारण कागदी लेबल फाटले तरी आवाजातील नाव राहते. या तबकड्या लाखेच्या मिश्रणाच्या, म्हणून ठिसूळ असत. चावीच्या यंत्रावर त्या वाजत असल्याने वीज न पोहोचलेल्या गावीही गाणे ऐकता येई. ज्या गावी बैठकीचा गवई कधी आला नसता तेथेही त्याचा आवाज पोहोचला.

या भागाच्या दृष्टीने सर्वांत बोलके उदाहरण उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे आहे. किराना घराण्याच्या या गायकाचे मिरजेत दीर्घकाळ वास्तव्य होते. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासकडील प्रवासात त्यांचे निधन झाले आणि दफन मिरजेच्या दर्ग्याच्या परिसरात झाले. त्यांच्या पहिल्या मुद्रिका १९०५ च्या सुमाराच्या, म्हणजे कर्ण्यासमोर गाऊन केलेल्या. (त्याच वर्षी मिरजेत त्यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर जन्मल्या व पुढे त्यांच्याही अनेक मुद्रिका निघाल्या.) खाँसाहेबांच्या गाजलेल्या ओडियन मुद्रिका मात्र १९३० नंतरच्या, विद्युत ध्वनिग्राहकावर केलेल्या आहेत. एकाच गायकाचा आवाज सुमारे तीन दशकांच्या अंतराने आणि दोन भिन्न तंत्रांनी उपलब्ध असणे ही दुर्मीळ गोष्ट आहे. त्यांच्या झिंझोटीतील ठुमरीची मुद्रिका बालवयात ऐकून आपण गाण्याकडे ओढले गेलो, असे पंडित भीमसेन जोशी सांगत असत. घराण्याची विद्या गुरुमुखातूनच मिळावी हा दंडक होता. तो मोडण्याचे काम एका तबकडीने केले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरू नये.

मात्र हे साधन जपून वापरावे लागते. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन मिनिटे मिळत. विलंबित ख्यालाची बढत त्यात मावणे अशक्य. म्हणून ठुमरी, भजन, द्रुत चीज व नाट्यपद यांचे प्रमाण अधिक दिसते आणि त्यामागे विक्रीचे गणितही होते. मुद्रिकांच्या संख्येवरून त्या काळच्या मैफलीचे स्वरूप ठरविणे म्हणजे दुकानाच्या मांडणीवरून घरातल्या जेवणाचा अंदाज बांधण्यासारखे आहे. अल्लादिया खाँसारख्या (१८५५-१९४६) थोर गायकाची एकही मुद्रिका नाही, हेही विसरता येत नाही.

दुसरी अडचण वेगाची. प्रारंभीच्या सर्वच तबकड्या मिनिटाला नेमक्या ७८ फेऱ्यांच्या नव्हत्या. वेगात सुमारे ६ टक्के फरक पडला तरी आवाज अर्ध्या स्वराने चढतो किंवा उतरतो. त्यामुळे खाँसाहेब १९०५ मध्ये कोणत्या पट्टीत गात हे केवळ तबकडी वाजवून सांगणे धाडसाचे आहे. येथे एक मौजेची बाब नोंदविली पाहिजे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या प्रयोगांत खाँसाहेबांच्या स्वरांचा आधार होता आणि सनदी सेवेतील अर्नेस्ट क्लेमेंट्स यांनीही तोच विचार पुढे नेला. तबकडीचा वेग चुकला तरी तो सबंध गाण्यात एकसारखा राहिला तर षड्जाशी अन्य स्वरांचे प्रमाण बदलत नाही. म्हणजे पट्टीबाबत अविश्वसनीय ठरणारी मुद्रिका श्रुतींच्या वादात मात्र ग्राह्य साक्षीदार ठरू शकते. देवलांच्या मापनाची अशी तपासणी हा स्वतंत्र संशोधनाचा विषय होईल.

१९४८ मध्ये अमेरिकेत व्हिनाइलची दीर्घवादन तबकडी आली. भारतात ती पुढील दशकाच्या अखेरीपासून रुळली. एका बाजूस वीस-बावीस मिनिटे मिळू लागल्याने रागविस्ताराला वाव मिळाला आणि जुन्या लाखेच्या मुद्रिकाही त्यांवर पुन्हा प्रसिद्ध झाल्या. पुनःप्रकाशनात निवड आणि क्रम कंपनीचा असल्याने संशोधकास मूळ तबकडीच लागते. १९८० नंतर कॅसेटने दोन्ही प्रकारांना घरातून हद्दपार केले. अडगळीतील पेट्या भंगारात वजनावर गेल्या.

अशा वेळी संग्राहकांनी केलेले काम मोलाचे आहे. मुंबईत १९९० मध्ये सुरेश चांदवणकर व सहकाऱ्यांनी भारतीय ध्वनिमुद्रिका संग्राहकांची संस्था स्थापन केली व तिचे नियतकालिक चालविले. मायकेल किन्नियर यांनी १८९९ ते १९०८ या काळातील ग्रामोफोन कंपनीच्या भारतीय मुद्रणांची सूची १९९४ मध्ये प्रसिद्ध केली. सूचीकारास गायकाच्या नावाइतकेच महत्त्व वाटते ते लेबलालगत कोरलेल्या साचा क्रमांकाचे. त्यावरून मुद्रणाचा काळ ठरविता येतो. कराड, सांगली व मिरज येथील महाविद्यालयीन ग्रंथालयांनी आपल्या परिसरातील घरगुती संग्रहांची अशी सूची करण्यास मोठा खर्च येणार नाही. तबकड्या उभ्या ठेवाव्यात, उन्हापासून व पावसाळी दमटपणापासून जपाव्यात आणि साचा क्रमांक उतरवून घेण्यापूर्वी लेबल पुसू नये, एवढी दक्षता पुरेशी आहे.