चांदी, सोने आणि एक चाल

पुण्यातल्या एका चर्चमध्ये मित्राबरोबर रविवारच्या इंग्रजी उपासनेला गेलो होतो. प्रवचन संपले, ऑर्गन वाजू लागला आणि बाकांच्या रांगांमधून अर्पणाची थैली फिरू लागली. लोक उभे राहून गात होते. थैली माझ्यापाशी आली तेव्हा खिशात हाताला लागली ती दहाची नोट मी तिच्यात टाकली आणि मग समोरच्या गीतपुस्तकात डोकावलो. त्या गीतात गाणारा आपले आयुष्य, हात, पाय, आवाज, चांदी-सोने, बुद्धी असे एकेक करून देवाच्या स्वाधीन करत होता. थैली तोवर दोन रांगा पुढे गेली होती. मी जरा ओशाळलो. त्या ओशाळण्यातूनच या गीताच्या मागे लागलो.

‘टेक माय लाइफ अँड लेट इट बी’ हे ते गीत. अनेक चर्चमध्ये ते अर्पणाच्या वेळी म्हटले जाते. पण ते वर्गणीच्या थैलीसाठी लिहिलेले नाही. लिहिणारी फ्रान्सेस रिडली हॅवर्गल ही इंग्लंडमधल्या वूस्टरशर परगण्यातल्या अ‍ॅस्टली गावच्या धर्मगुरूची मुलगी. जन्म 14 डिसेंबर 1836 चा. तिला ग्रीक आणि हिब्रू येत होते, आवाज तयार होता, किडरमिन्स्टरच्या फिलहार्मोनिक सोसायटीत ती एकल गायिका म्हणून गात असे.

गीताच्या जन्माची हकिगत तिने स्वतःच लिहून ठेवली आहे. 1874 च्या आरंभी ती एरेली हाउस या घरी पाच दिवसांसाठी पाहुणी म्हणून गेली. घरात दहा माणसे होती. काहींचा श्रद्धेशी संबंध नव्हता, काहींची श्रद्धा होती पण तिच्यात आनंद नव्हता. या घरातले सगळेच्या सगळे मला दे, अशी प्रार्थना तिने केली. मुक्कामाच्या शेवटच्या रात्री घरातल्या शिक्षिकेने तिला दोन मुलींकडे बोलावून नेले. त्या रडत होत्या. फ्रान्सेस त्यांच्याशी बोलली आणि त्यांचे मन शांत झाले. मग आनंदाने तिला झोप येईना. त्या जागरणात दोन-दोन ओळींच्या जोड्या एकामागून एक जुळत गेल्या. गीतावर तारीख पडली 4 फेब्रुवारी 1874.

रचना साधी आहे. प्रत्येक जोडीत एक वस्तू: आयुष्य, दिवस, हात, पाय, आवाज, ओठ, चांदी-सोने, बुद्धी, इच्छा, हृदय, प्रेम आणि शेवटी मी स्वतः. आपण ‘तन-मन-धन’ एका दमात म्हणून मोकळे होतो; इथे त्याचा तपशीलवार हिशेब मांडला आहे.

आता चालीकडे वळू. आपल्या जुन्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ छापलेली असते; माहितीतल्या एखाद्या गाण्याचे नाव दिले की नटाला पद म्हणता येई. इंग्रजी भक्तिगीतांत हाच व्यवहार अधिक काटेकोरपणे होतो. तिथे चालीला स्वतःचे नाव असते, बहुधा एखाद्या गावाचे किंवा स्थळाचे, आणि गीताची मापे आकड्यांत मोजतात. या गीताचे माप सात-सात-सात-सात: चार ओळी, प्रत्येकीत सात अक्षरावयव. त्या मापाची कुठलीही चाल त्याला लागू पडते. म्हणूनच एकाच गीताला निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या चाली मिळतात, आणि गीताचा भाव प्रत्येक चालीत थोडा सरकतो.

फ्रान्सेस स्वतः हे गीत ‘पॅटमॉस’ या चालीवर म्हणत असे. ही चाल तिच्या वडिलांची, विल्यम हेन्री हॅवर्गल यांची. 1829 मध्ये घोडागाडीतून फेकले जाऊन त्यांच्या डोक्याला मार बसला. धर्मगुरूचे काम पूर्वीसारखे झेपेना, तेव्हा ते संगीताकडे अधिक वळले. जुन्या स्तोत्रांच्या चाली शोधून शुद्ध रूपात छापणे हे त्यांनी आयुष्याचे काम केले. जिनीव्हाच्या सोळाव्या शतकातल्या स्तोत्रसंग्रहातून आलेल्या ‘ओल्ड हंड्रेड्थ’ या चालीचा इतिहास त्यांनी 1854 मध्ये पुस्तकरूपाने लिहिला. गंमत अशी की, गोळा झालेले अर्पण वेदीकडे नेताना कित्येक चर्चमध्ये आजही जे छोटे स्तुतिगीत म्हणतात, ते याच चालीवर.

विल्यम हॅवर्गल 1870 मध्ये वारले. त्यांचा चालींचा संग्रह मुलीने छपाईसाठी सिद्ध केला आणि तो 1871 मध्ये निघाला. तीन वर्षांनी त्या रात्री शब्द सुचले. म्हणजे वडिलांनी आधी चाल करून ठेवली आणि शब्द मागाहून आले. मुलीने स्वतःचे सर्वस्व देण्याची भाषा वडिलांच्या सुरांत केली.

अमेरिकेत मात्र हे गीत रुजले ते ‘हेंडन’ चालीवर. ती सेझार मालाँ यांची. जिनीव्हात 1787 मध्ये जन्मलेले हे धर्मोपदेशक तिथल्या अधिकृत चर्चशी मतभेद होऊन वेगळे झाले. फ्रेंच भाषेत त्यांनी शेकडो भक्तिगीते रचली. 1827 ची ही चाल पुढे लोवेल मेसन या संगीतशिक्षकाने अमेरिकेत पोहोचवली. मालाँ 1864 मध्ये वारले. म्हणजे हे शब्द त्यांनीही कधी ऐकले नाहीत. ‘हेंडन’मध्ये कडव्याची शेवटची ओळ पुन्हा म्हटली जाते. चार ओळींत दोन वस्तू अर्पण होतात, पण दुसरीच दोनदा घोळते. पुनरुक्तीमुळे गाणे समूहाला सोपे होते, आवाज चढतो. ‘पॅटमॉस’ तशी संधी देत नाही. ती ओळ एकदा म्हणून पुढे जाते. मला वाटते, एकटीने रात्री स्वतःशी म्हणायला हीच चाल योग्य होती.

या कथेतला माझ्या मते महत्त्वाचा भाग चार वर्षांनी घडला. ऑगस्ट 1878 मध्ये फ्रान्सेसने एका मैत्रिणीला कळवले की, चांदी-सोन्याच्या ओळीचा अर्थ आता तिला नव्याने कळला आहे. तिने आपले दागिने, एखाद्या सरदारणीला शोभेल अशा पेटीसकट, चर्च मिशनरी सोसायटीला पाठवून दिले. वस्तू पन्नासच्या आसपास होत्या. आईवडिलांची आठवण म्हणून एखाद-दुसरा ब्रोच आणि वारलेल्या भाचीचे चित्र असलेले लॉकेट एवढेच तिने मागे ठेवले. पुढच्याच वर्षी, 3 जून 1879 रोजी, बेचाळिसाव्या वर्षी ती वारली.

वडिलांची पहिली प्रकाशित रचना म्हणजे रेजिनाल्ड हीबर यांच्या एका मिशनरी गीताला दिलेले संगीत. तिचे उत्पन्न, 180 पौंड, त्यांनी याच सोसायटीला दिले होते. वडिलांनी सूर दिले, मुलीने सोने.

इथे मराठी वाचकाला एक प्रश्न पडेल, आणि तो पडावा. हे हीबर पुढे कलकत्त्याचे बिशप झाले आणि 1825 मध्ये मुंबईलाही येऊन गेले. चर्च मिशनरी सोसायटीचे काम नाशिकजवळ शरणपूरला होते. आफ्रिकेतल्या गुलामगिरीतून सोडवलेली मुले तिथे शिकली. फ्रान्सेसच्या दागिन्यांचा पैसा तिथे आला असे मी म्हणत नाही. पण तिचे दान साम्राज्याच्या वाटांवरूनच जगभर जाणार होते. देणाऱ्याचे मन निर्मळ असले तरी घेणाऱ्या देशाला त्या दानाबरोबर आणखी काय काय घ्यावे लागले, हा हिशेब वेगळा मांडावा लागतो. एक हिशेब दुसऱ्यात वळता करून चालत नाही.

तरीही एक गोष्ट उरते. आपण लिहिलेल्या ओळीने चार वर्षांनी आपल्याच दारात येऊन वसुली मागावी, आणि आपण ती चुकती करावी, हे किती लेखकांच्या वाट्याला येते?

मी त्या चर्चमध्ये पुन्हा एकदा गेलो. गीत तेच होते, चालही तीच. या खेपेस थैली जवळ यायच्या आधी मी सबंध गीत वाचून काढले. थैलीत टाकलेली रक्कम सांगण्याजोगी नव्हती. पण नोट निवडायला मला बराच वेळ लागला.