टाय रॉड पुढे की मागे?

जीपसारख्या गाड्या डोंगरदगडांसाठी नव्यानं बांधणारे लोक एका गोष्टीवर हमखास भांडतात. दोन्ही पुढच्या चाकांना जोडणारा आडवा दांडा, म्हणजे टाय रॉड, अ‍ॅक्सलच्या पुढे ठेवायचा की मागे? वाद गॅरेजमधला आहे, पण त्याचं मूळ घोडागाडीत सापडतं.

जुन्या घोडागाडीचा पुढचा अख्खा आस मधल्या खिळ्यावर फिरायचा. वळताना गाडीचा पाया अरुंद व्हायचा आणि ती कलंडायची. म्युनिकचे गाडी बनवणारे गेओर्ग लांकेनश्पेर्गर यांनी आस जागेवर ठेवला आणि चाकं तेवढी आपापल्या खुंटीवर फिरवली. लंडनमध्ये १८१८ साली याचं पेटंट घेतलं ते त्यांचे प्रतिनिधी रुडॉल्फ आकरमान यांनी. हे खरं तर प्रकाशक! पण भूमितीला नाव लागलं ते या एजंटचं. त्याच्याही काही दशकं आधी इरॅस्मस डार्विन, म्हणजे चार्ल्स डार्विनचे आजोबा, यांना हेच सुचलं होतं. असो.

आता वळताना आतलं चाक लहान वर्तुळातून जातं, म्हणून ते बाहेरच्यापेक्षा जास्त वळायला हवं. फ्रान्सच्या शार्ल झांतो यांनी १८७८ मध्ये त्यासाठी सोपी रचना सांगितली: चाकाच्या खुंटीपासून टाय रॉडच्या टोकापर्यंतची रेघ मागे वाढवा, दोन्ही बाजूंच्या रेघा मागच्या आसाच्या मध्याशी मिळाल्या पाहिजेत. टाय रॉड मागे असेल तर हात आतल्या बाजूला झुकतात, जागा भरपूर मिळते. तोच पुढे आणला की हात बाहेर, चाकाच्या दिशेनं पसरावे लागतात. तिथे ब्रेक असतो, रिम असते. त्यामुळे पुढच्या रचनेत भूमितीला बरेचदा मुरड घालावी लागते.

मग पुढे ठेवतातच कशाला? याचं उत्तर दगडात आहे. अशा गाड्यांत टायर जमिनीला टेकतो ती जागा सहसा खुंटीच्या रेषेच्या बाहेर असते. रुंद टायर लावले की आणखी बाहेर. दोन्ही चाकं दगडावर आदळली की ती पुढून बाहेर फाकायला बघतात. टाय रॉड पुढे असेल तर तो ताणला जातो. मागे असेल तर दाबला जातो, आणि लांब बारीक दांडा दाबाखाली अचानक वाकतो हे अठराव्या शतकातच ऑयलर यांनी गणितानं दाखवलं होतं. म्हणजे ताकदीच्या हिशेबात पुढची जागा सरस. फक्त तोच दांडा दगडाला पहिला भेटतो! मागचा दांडा अ‍ॅक्सलच्या आडोशाला राहतो, पण तिथे ऑइल संप, पाटे आणि प्रोपेलर शाफ्ट यांच्याशी जागेची मारामारी.

कारखान्यांनीही एकच उत्तर दिलेलं नाही. रँग्लर टीजेमध्ये सगळं पुढे. जुन्या लँड रोव्हर डिफेंडरमध्ये स्टिअरिंग बॉक्सकडून येणारी ड्रॅग लिंक पुढे आणि दोन चाकांना जोडणारा रॉड मागे. टोयोटाच्या ८० सीरिज लँड क्रूझरमध्येही तसंच. मला ही दुसरी मांडणी जास्त शहाणी वाटते, पण तिथला मागचा रॉड जाड हवा, नाहीतर ऑयलर आठवतातच.

खरी गंमत घरगुती बांधणीत होते. टाय रॉड पुढे आणायचा म्हणून काही जण डावा नकल उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवतात. दांडा पुढे येतो, पण हात अजून आतच झुकलेले, म्हणजे भूमिती उलटी: आतलं चाक कमी वळतं, बाहेरचं जास्त. दुसरं म्हणजे आडव्या ड्रॅग लिंकची दिशा. तीही त्याच हाताला जोडली असेल तर तिनं डावीकडे ढकललं की पूर्वी गाडी उजवीकडे जायची, आता डावीकडे जाते. मग उलट फिरणारा स्टिअरिंग बॉक्स शोधायचा, नाहीतर पूर्ण हायड्रॉलिक स्टिअरिंग बसवायचं. त्यात बॉक्सच उरत नाही, अ‍ॅक्सलवरचा सिलिंडर चाकं ढकलतो. दिशा दोन नळ्या बदलून सुधारते. उलटी भूमिती मात्र तशीच राहते. ट्रेलरवर नेऊन फक्त दगडांवर रांगवायच्या गाडीला ते चालून जातं. डांबरी रस्त्यावर तीच गाडी प्रत्येक घट्ट वळणाला टायर घासत, किंचाळत जाते.