एकच पोथी, वेगवेगळी पाने

क्लेमेंटीत राहणाऱ्या आपल्या मंडळींना शेजारचे केंट रिज ठाऊक आहे ते विद्यापीठामुळे. मुलांच्या प्रवेशाच्या निमित्ताने तिकडे फेऱ्याही होतात. परंतु जीवशास्त्रातील एका जुन्या कोड्यावर याच टेकडीवर महत्त्वाचे काम झाले, हे फारसे कोणी सांगत नाही.

कोडे असे: यकृतातील आणि मेंदूतील पेशी एकाच फलित अंड्यापासून होतात. मग एक पित्त तयार करते आणि दुसरी संदेश वाहते, हे कसे? नको असलेली जनुके पेशी टाकून देत असेल काय? इंग्लंडमध्ये जॉन गर्डन यांनी बेडकाच्या पिल्लाच्या आतड्यातील पेशीचे केंद्रक अंड्यात घातले आणि १९६२ साली दाखवून दिले की त्यातूनही नवे पिल्लू घडू शकते. म्हणजे पोथी पूर्ण असते. प्रत्येक पेशी आपापली पाने तेवढी उघडते. जनुके चालू-बंद करणारी यंत्रणा असते, हे झाकोब आणि मोनो यांनी जिवाणूंमध्ये १९६१ सालीच दाखवले होते. आम्हा संगणकवाल्यांना हे लवकर पटते: सगळ्या यंत्रांत आज्ञावली एकच, पण प्रत्येक यंत्र तिचा वेगळा भाग चालवते.

पण माशापासून माणसापर्यंतच्या प्राण्यांत ही बटणे शोधायची कशी? केंट रिजवर १९८५ साली रेणवीय व पेशी जीवशास्त्राची संस्था निघाली. तिच्या उभारणीत सिडनी ब्रेनर यांचा मोठा वाटा होता. त्यांनी फुगू हा विषारी मासा निवडला. त्याचा डीएनए माणसाच्या सुमारे एक अष्टमांश, जनुके मात्र जवळपास तेवढीच. पसारा कमी, म्हणून बटणे शोधणे सोपे.

बायरप्पा वेंकटेश, ब्रेनर आणि सहकाऱ्यांनी फुगूचे आयसोटोसिन नावाचे जनुक आजूबाजूच्या डीएनएसकट उंदरात घातले. आपल्याकडे बाळंतपणात आणि अंगावर दूध येताना काम करणाऱ्या ऑक्सिटोसिनचा हा माशातील भाऊबंद. १९९७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: माशाचे जनुक उंदराच्या मेंदूत नेमके ऑक्सिटोसिन बनवणाऱ्या पेशींतच चालू झाले! दोन्ही वंश वेगळे होऊन चाळीस कोटींहून अधिक वर्षे लोटली, तरी बटणांची भाषा उंदराच्या पेशीला कळली.

संस्था २००४ साली बायोपोलिसमध्ये गेली. ब्रेनर २०१९ साली सिंगापूरमध्येच निवर्तले.

आपल्या घरांत "रक्तातच आहे" असे म्हणून विषय संपवायची सवय आहे. रक्तात काय आहे याइतकेच, त्यातले कोणते पान कुठे आणि केव्हा उघडते, हेही विचारायला हवे.